थडग्यांवरील शिळांचे क्षालन आणि लेखांचे प्रामाण्य

१

इतिहासाच्या साधनांमध्ये थडग्यांवरील लेखांचे स्थान काहीसे विलक्षण आहे. ताम्रपट बहुधा जमिनीत पुरलेला सापडतो. कागद दप्तरात बांधून ठेवलेला असतो. थडग्यावरची शिळा मात्र उभारल्या दिवसापासून ऊन, पाऊस आणि धूर यांच्या स्वाधीन केलेली असते. ती मुद्दाम उघड्यावर ठेवावयाची, कारण येणाऱ्याजाणाऱ्याने ती वाचावी हाच तिचा हेतू. आणि ती टिकावयाची, कारण मृताचे नाव पुढील पिढ्यांना कळावे हाही तिचाच हेतू. वाचले जाणे आणि टिकणे या दोन हेतूंमध्ये जो विरोध दडलेला आहे, तोच या शिळांच्या क्षालनाच्या प्रश्नाचे मूळ होय.

शिळेवर शेवाळ चढले, धुराची काजळी बसली, अक्षरे बुजली, म्हणजे ती स्वच्छ करावी असे कोणासही वाटते. आप्तांस ते कर्तव्य वाटते, देखभाल करणाऱ्यास ते आपले काम वाटते आणि इतिहासाच्या अभ्यासकास ती वाचनाची पहिली पायरी वाटते. तिघांचाही हेतू निर्मळ असतो. तथापि हवेने केलेली हानी सावकाश होते, तर अजाण हाताने केलेली हानी एका दुपारीत पुरी होते. प्रस्तुत लेखात या क्षालनाच्या कल्पना गेल्या सुमारे दोन शतकांत कशा पालटत गेल्या याचा आढावा घेतला आहे. त्यासाठी मुख्यतः स्कॉटलंड व अमेरिका येथील उदाहरणे घेतली आहेत, कारण या प्रश्नाचा पद्धतशीर विचार तेथे पुष्कळ झाला. आणि अखेरीस सुरत, कलकत्ता, आग्रा, गोवे व महाराष्ट्र येथील शिळांना त्यातून काय लागू पडते हे पाहिले आहे. क्षालन हे साधनाच्या वाचनापूर्वीचे निरुपद्रवी कृत्य नसून साधनावरच केलेला, मागे न घेता येणारा हस्तक्षेप आहे, हे या सर्व इतिहासाचे तात्पर्य दिसते.

२

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट पॅटर्सन नावाचा एक पाथरवट होऊन गेला. दुसरा चार्ल्स आणि त्याचा भाऊ जेम्स यांच्या कारकीर्दीत धर्ममताच्या आग्रहापायी जे प्रेस्बिटेरियन पंथाचे लोक मारले गेले, त्यांची थडगी दक्षिण स्कॉटलंडच्या माळरानांत आणि चर्चच्या आवारांत विखुरलेली होती. पॅटर्सनने घरदार सोडले आणि छिन्नी-हातोडा घेऊन तो या थडग्यांचा शोध घेत वर्षानुवर्षे हिंडला. शिळेवरचे शेवाळ खरवडावे, झिजलेली अक्षरे पुन्हा खोल करावीत आणि पुढच्या गावी जावे, असा त्याचा क्रम होता. सर वॉल्टर स्कॉट यास तो डनॉटरच्या चर्चच्या आवारात काम करीत असता भेटला होता. १८०१ साली पॅटर्सन मरण पावला आणि १८१६ मध्ये स्कॉटने त्याच्या लोकप्रचलित टोपणनावावरूनच आपल्या कादंबरीला ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ हे नाव दिले. अशा रीतीने हा पाथरवट वाङ्मयात अमर झाला आणि शिळांच्या जतनाचा तो आद्य पुरस्कर्ता मानला जाऊ लागला.

पॅटर्सनच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. एका पराभूत पक्षाची स्मृती राजसत्तेच्या विस्मरणातून सोडविण्याचे काम त्याने केले, हेही खरे. पण इतिहासाच्या दृष्टीने त्याच्या हातून काय घडले, याचा विचार वेगळा केला पाहिजे. झिजलेले अक्षर पुन्हा कोरताना छिन्नी जुन्या खाचेच्या दोन्ही काठांचा दगड काढून टाकते. अक्षराची रुंदी बदलते, वळण बदलते, आणि मूळ कारागिराच्या हाताची खूण कायमची नाहीशी होते. जेथे अक्षर पुरते बुजले असेल तेथे नवा कारागीर अंदाजाने भर घालतो. आणि एकदा ती भर दगडात कोरली गेली, की मूळ कोणते व अंदाज कोणता हे सांगण्यास कोणतेही गमक उरत नाही.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रकार दप्तरातील उदाहरणाने चटकन उमगेल. बखरीची अस्सल प्रत नाहीशी होऊन नक्कल उरते तेव्हा आपण नकलकाराच्या चुका गृहीत धरून चालतो. परंतु येथे नक्कल वेगळ्या कागदावर केलेली नसते. ती अस्सल कागदावरची अक्षरे खरवडून त्याच जागी लिहिलेली असते. अस्सलाचा आणि नकलेचा देह एकच झाल्यामुळे शिळा जुनी दिसते, पण तिच्यावरील साक्ष नवी असते. म्हणून पुन्हा कोरलेल्या शिळेवरील अक्षरवळणावरून काळ ठरविणे किंवा शब्दाच्या लेखनावरून भाषेविषयी अनुमान काढणे हे अत्यंत जोखमीचे ठरते.

३

पॅटर्सनच्या मृत्यूनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी त्याच देशात या शिळांकडे अगदी निराळ्या नजरेने पाहिले गेले. भूवैज्ञानिक आर्चिबाल्ड गाइकी याने १८८० साली एडिंबरोच्या दफनभूमींतील शिळांच्या झिजेवर एक निबंध सादर केला. त्याची कल्पना साधी, पण दूरगामी होती. दगड किती वेगाने झिजतो हे डोंगराकडे पाहून कळत नाही, कारण डोंगर केव्हा उघडा पडला याची नोंद नसते. थडग्यावरची शिळा मात्र आपली तारीख स्वतःच सांगते. म्हणून दफनभूमी म्हणजे तारखा घातलेल्या प्रयोगांची जणू एक मोठी प्रयोगशाळाच होय.

गाइकीने दगडांचे वर्ग पाडले आणि प्रत्येकाची गती पाहिली. ज्या वालुकाश्मातील कण सिलिकेने घट्ट सांधलेले होते त्यावर जुनी कलाकुसर चांगली टिकली होती. ज्यात माती किंवा चुना यांचा सांधा होता, अथवा ज्याचे थर उभे लावले गेले होते, त्याचे पापुद्रे सुटत होते. सर्वांत वाईट अवस्था होती ती पांढऱ्या संगमरवराची. त्याच्या नाशाच्या तीन अवस्था गाइकीने नोंदविल्या : प्रथम पृष्ठभाग विरघळणे, नंतर आतील कणांचा परस्परांशी असलेला बंध सुटणे, आणि शेवटी सबंध फलक वाकून तडकणे.

त्याने दिलेल्या उदाहरणांपैकी एक विशेष लक्षणीय आहे. ग्रेफ्रायर्स दफनभूमीत रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याचे थडगे आहे. तो १७९९ मध्ये वारला. चुनखडीसारख्या पदार्थांत जो वायू बद्ध असतो, ज्याला आज कार्बन डायऑक्साइड म्हणतात, त्याचा शोध याच ब्लॅकने लावला. त्याच्या थडग्यावरील संगमरवरी फलक गाइकीच्या पाहणीच्या वेळी जेमतेम ऐंशी वर्षांचा होता. तरीही तो फुगून तडकला होता आणि त्यावरील मजकुराचा काही भाग वाचण्यापलीकडे गेला होता. तोच वायू पावसाच्या पाण्यात मिसळला म्हणजे सौम्य आम्ल तयार होते आणि ते संगमरवर विरघळविते. त्यात कोळशाच्या धुरातील गंधकाच्या आम्लाची भर पडली, म्हणजे नाशाचा वेग कित्येक पटींनी वाढतो.

गाइकीच्या निबंधाचे क्षालनाशी असलेले नाते असे. शिळेच्या अंगावर जे दिसते ते केवळ वरून बसलेला मळ नसून पुष्कळदा दगडाचाच बदललेला भाग असतो, ही गोष्ट अशा निरीक्षणांतून पुढे स्पष्ट होत गेली. गंधकाच्या आम्लाने चुनखडक अथवा संगमरवर यांच्या पृष्ठाचे जिप्सममध्ये रूपांतर होते. जिप्सम हे मूळ दगडापेक्षा पाण्यात कितीतरी अधिक विद्राव्य असल्यामुळे पावसाचा थेट मारा होतो तेथून ते धुऊन जाते. आडोशाच्या जागी मात्र साचते आणि काजळी धरून काळी खपली बनते. ही खपली ओरबाडून काढली तर तिच्याबरोबर मूळ पृष्ठही जाते, कारण ती त्या पृष्ठातूनच तयार झालेली असते. खाली उरतो तो साखरेसारखा सुटा, कणीदार दगड. आणि त्यावर अक्षर धरून राहत नाही.

४

एकोणिसाव्या शतकात स्वच्छतेची जी साधने सर्वत्र वापरली गेली, ती मात्र नेमकी याच्या विरुद्ध होती. तारेचा ब्रश, वाळूने घासणे, सौम्य केलेले मिठाचे किंवा गंधकाचे आम्ल, आणि पुढे यंत्राने रेतीचा मारा, असा हा क्रम दिसतो. या सर्व उपायांचे समान लक्षण एकच : दगड काही क्षणांत शुभ्र दिसू लागतो. तो शुभ्र दिसतो याचे कारण मळ गेला हे नसून मळ धरून ठेवणारे पृष्ठच गेले हे असते. नव्याने उघडा पडलेला खडबडीत भाग पाणी अधिक शोषतो, शेवाळ अधिक लवकर धरतो, आणि शिळा पूर्वीपेक्षा अधिक वेगाने काळवंडते. मग पुन्हा क्षालन, पुन्हा झीज. तारेच्या ब्रशने आणखी एक अपकार होतो; त्याचे लोखंडी कण दगडाच्या छिद्रांत अडकून गंजतात आणि तांबूस डाग कायमचे बसतात.

या प्रवृत्तीविरुद्ध पहिला संघटित आवाज उठला तो इमारतींच्या संदर्भात. विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये इंग्लंडात प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन केले. जीर्णोद्धाराच्या नावाखाली चर्चच्या जुन्या भिंती तासून नव्यासारख्या करण्याच्या प्रथेला त्याचा कडवा विरोध होता. म्हणूनच त्या मंडळाला ‘खरवडविरोधी’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले. वास्तूची नित्य निगा राखावी, पण तिच्या पृष्ठावर काळाने उमटविलेल्या खुणा पुसू नयेत, हा मॉरिसचा सिद्धांत होता. मॉरिसची दृष्टी मुख्यतः कलावंताची होती आणि गाइकीची शास्त्रज्ञाची. दोघांच्या प्रतिपादनात अवघे तीन वर्षांचे अंतर आहे. दोघे निरनिराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले, की मूळ पृष्ठ हीच खरी ठेव आहे.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या कारणाने तीव्र झाला. तेथील यादवी युद्धातील सैनिकांच्या थडग्यांवर प्रथम लाकडी फळ्या लावल्या होत्या; त्या कुजू लागल्यावर १८७३ मध्ये दगडी शिळांचा नमुना ठरविण्यात आला. चार इंच जाडीची, दहा इंच रुंदीची आणि जमिनीवर बारा इंच उंच अशी ती शिळा असे. पुढे अशा पांढऱ्या संगमरवरी शिळांच्या रांगाच्या रांगा राष्ट्रीय दफनभूमींतून उभ्या राहिल्या. येथे एका शिळेचे सौंदर्य महत्त्वाचे नव्हते. हजारो शिळा सारख्याच शुभ्र दिसल्या पाहिजेत, त्यातच मृतांविषयीचा आदर आणि समता व्यक्त होते, अशी धारणा होती. साहजिकच वारंवार धुण्याची प्रथा पडली आणि जलद परिणाम देणारी विरंजक द्रव्ये वापरात आली.

विरंजक द्रव्याने शेवाळ तत्काळ पांढरे पडते, हे खरे. पण सोडियम हायपोक्लोराइटच्या वापरानंतर दगडाच्या छिद्रांत क्षार मागे राहतात. दगड ओला-कोरडा होत राहिला, की त्या क्षारांचे स्फटिक बनतात, वाढतात आणि आतून कण सुटे करतात. म्हणजे द्रव्य धुऊन टाकले तरी त्याचे कार्य पुढे चालूच राहते. या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या राष्ट्रीय जतन-तंत्र केंद्राने २००४ पासून सैनिकी शिळांच्या क्षालनद्रव्यांचा तुलनात्मक अभ्यास हाती घेतला. निरनिराळ्या हवामानांतील राष्ट्रीय दफनभूमींत प्रत्यक्ष शिळांवर निरनिराळी द्रव्ये लावून त्यांचा रंग, पृष्ठावरील जैविक वाढ आणि दगडावर होणारा परिणाम दीर्घकाळ तपासला गेला. क्लोरीन नसलेली, शेवाळ हळूहळू मारणारी द्रव्ये दगडाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असतात, या मतास त्यातून बळ मिळाले. अशा द्रव्यांचा परिणाम काही आठवडे वा महिने दिसत राहतो. पहिल्या दिवशी शिळा पुष्कळदा आणखी मळकट वाटते. शुभ्रतेची घाई सोडून दिली, एवढाच या बदलाचा गाभा आहे.

५

शिळेवरील जैविक आच्छादनाचा विचार येथे थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे. शेवाळ आणि शैवाक यांत भेद आहे. मसाल्यात वापरले जाणारे दगडफूल ज्या वर्गातील आहे तो वर्ग म्हणजे शैवाक. बुरशी व शैवल यांच्या सहजीवनातून तो बनतो. काही जाती दगडाला नुसत्या चिकटून असतात. काहींचे तंतू कणांच्या फटींतून आत शिरतात. त्यांतून स्रवणारे ऑक्झॅलिक आम्ल दगडावर परिणाम करते, हे सिद्ध आहे. तथापि कोरडे शैवाक सुरीने खरवडले तर तंतूंबरोबर दगडाचे कणही उपटून येतात. क्वचित अक्षराचा सबंध काठ निघून येतो. अशा वेळी रोगापेक्षा उपचारच अधिक घातक ठरतो.

इतकेच नव्हे, तर हे आच्छादन स्वतःच एक ऐतिहासिक साधन असू शकते. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ रोलंड बेशेल याने १९५० च्या सुमारास असे दाखवून दिले की, शैवाकाच्या वर्तुळाच्या वाढीवरून उघड्या खडकाचे वय अजमावता येते. ती वाढ दर वर्षी किती होते हे ठरविण्यासाठी ज्यांच्या तारखा निश्चित आहेत असे पृष्ठभाग हवेत, आणि तसे पृष्ठभाग थडग्यांच्या शिळांवर मिळतात. हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडगोट्यांच्या राशींचा काळ ठरविण्यास ही पद्धत उपयोगी पडली. म्हणजे शिळेवर जे ‘घाण’ म्हणून खरवडले जाते, त्यातून दूरच्या पर्वतांचा इतिहास वाचला गेला आहे.

नगरांच्या हवेचा इतिहासही असाच शिळांवर उमटतो. कोळशाच्या धुराने भरलेल्या औद्योगिक शहरांतून गंधकाला न सोसणाऱ्या शैवाकांच्या जाती नाहीशा झाल्या होत्या. ब्रिटनमध्ये १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर धूर ओसरत गेला. पुढील दशकांत काळ्या पडलेल्या दगडांवर पुन्हा हिरवट, पिवळट वाढ दिसू लागली. तेव्हा अमुक शिळा हिरवी झाली म्हणजे ती दुर्लक्षित झाली, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही; कदाचित तेथील हवा सुधारली असेल. क्षालनापूर्वी या वाढीची नोंद केली नाही, तर साक्षीदाराचे म्हणणे ऐकण्याआधीच त्याला सभेतून घालवून दिल्यासारखे होते.

६

भारतातील शिळांचा विचार करता दगड, हवामान आणि समाज या तिन्ही बाबतींत काही विशेष आढळतात. पश्चिम हिंदुस्थानातील उदाहरण म्हणून सुरतेच्या इंग्रजी दफनभूमीकडे पाहता येईल. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, त्या वेळी इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडेन १६६९ मध्ये तेथेच वारला. त्याचे आणि १६५९ मध्ये वारलेल्या त्याच्या भावाचे भव्य घुमटदार थडगे आजही उभे आहे. ही वास्तू विटा व चुन्याची आहे. चुन्याचा गिलावा हा भिंतीचा अंगरखाच असतो; तो झिजावा आणि ठरावीक काळाने नवा चढवावा, हेच त्याचे प्रयोजन. याच न्यायाने वास्तूतील कोरीव शिळेवरही चुना फासला गेला, तर मात्र अक्षरे बुजतात. तो काढण्यासाठी आम्ल वापरण्याचा मोह होतो. शिळा संगमरवराची अथवा चुनखडकाची असल्यास येथे मोठाच धोका आहे. कारण वाळलेला चुना आणि संगमरवर हे रासायनिक दृष्ट्या एकच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट होत. काय काढावयाचे व काय राखावयाचे हा भेद आम्लाला कळत नाही.

कलकत्त्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत, जिचा आरंभ १७६७ मध्ये झाला, विटांच्या मनोऱ्यांवर कोरीव फलक बसविलेले आहेत. १७९४ मध्ये वारलेला सर विल्यम जोन्स तेथेच चिरविश्रांती घेत आहे. दमट हवेमुळे तेथील बांधकामावर काळे शैवल सतत वाढते. अशा ठिकाणी अभ्यासकाला एक मोठा आधार आहे. सी. आर. विल्सन याने १८९६ मध्ये बंगालमधील आणि जे. जे. कॉटन याने १९०५ मध्ये मद्रास इलाख्यातील थडग्यांवरील लेखांच्या सूची प्रसिद्ध केल्या. या सूचींतील वाचने आजच्या शिळेशी ताडून पाहिली, म्हणजे मधल्या काळात किती अक्षरे गेली याचे प्रत्यक्ष माप मिळते. छापील सूची ही शिळेची जागा घेऊ शकत नाही. पण शिळा खरवडल्यावाचून तिचे वाचन करण्याचे ते एक उत्तम साधन आहे.

गोव्यात, जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये, जमिनीच्या फरसबंदीतच कुलचिन्हे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांचा खरा शत्रू पाऊस नसून येणाऱ्याजाणाऱ्यांची पावले आणि त्या पावलांखाली घासली जाणारी वाळू होय. येथे ओल्या फडक्याने पुसण्यापेक्षा वाळू दाराशीच अडविणे हे अधिक मोलाचे क्षालन ठरते.

समाधींच्या संगमरवरावर मुलतानी मातीचा लेप देण्याची पद्धती ताजमहालाच्या बाबतीत सर्वपरिचित आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेने १९९४ पासून ती वेळोवेळी योजिली. मातीचा ओला लेप पृष्ठावर चढवून वाळू दिला, म्हणजे वाळताना तो छिद्रांतील मळ आपल्याकडे ओढून घेतो. नंतर तो शुद्ध पाण्याने धुऊन काढतात. यात घर्षण नाही आणि आम्लही नाही. परंतु हा उपचार लक्षणावरचा आहे. रोगाच्या कारणावरचा उपचार निराळा : ताजच्या परिसरातील कोळसा जाळणाऱ्या उद्योगांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिलेला निर्णय हा त्या प्रकारचा होता. हवा मळकी ठेवून दगड पुन्हा पुन्हा धुणे हा तोट्याचा व्यवहार आहे, हे सूत्र त्या निर्णयामागे दिसते.

महाराष्ट्रातील वीरगळ व सतीशिळा ही थडगी नव्हेत. तथापि मृताची स्मृती उघड्यावर दगडात कोरून ठेवण्याचा हेतू तेथेही तोच आहे. यांपैकी पुष्कळ शिळा काळ्या पाषाणाच्या आहेत. हा दगड संगमरवरासारखा आम्लाने सहज विरघळत नाही, म्हणून त्यावर काहीही चालते अशी समजूत असते. ती चुकीची आहे. काळ्या पाषाणातील पोकळ्यांत पुष्कळदा कॅल्साइट भरलेले असते; आम्लाने ते विरघळले, म्हणजे पृष्ठावर खळगे पडतात आणि लेखाच्या वाचनात नसते बिंदू व अनुस्वार दिसू लागतात. शेंदूर आणि तेल यांचे थर हा दुसरा प्रश्न. हे थर शिल्प झाकतात, पण कित्येकदा त्याचे रक्षणही करतात. पारंपरिक शेंदूर हा बहुधा शिशाचा असल्यामुळे तो कोरडा खरवडणे काम करणाऱ्याच्या प्रकृतीसही अपायकारक असते. शिवाय जी शिळा आजही पूजेत आहे, तिच्यावरील शेंदूर हा मळ नव्हे. तो तिच्या चालू इतिहासाचा भाग आहे. गावकऱ्यांच्या संमतीवाचून त्याला हात लावण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही.

७

वरील विवेचनावरून क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकाने पाळावयाचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम परवानगी. शिळा संरक्षित स्मारकात असल्यास १९५८ च्या कायद्यान्वये पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीखेरीज तिच्यावर कोणतीही क्रिया करता येत नाही. इतरत्र मालक, विश्वस्त अथवा ग्रामस्थ यांची संमती घ्यावी. नंतर नोंद : मापे, छायाचित्रे, दगडाचा प्रकार, आच्छादनाचे स्वरूप, तडे आणि सुटलेले पापुद्रे. बोटाने हलके ठोकून पाहता पोकळ नाद येत असेल, किंवा हात फिरविताच कण गळत असतील, तर त्या शिळेला पाणीही लावू नये. ते काम जतनशास्त्रज्ञाचे आहे.

त्यानंतरचा प्रश्न असा विचारावा : केवळ वाचनासाठी क्षालनाची गरज आहे काय? बहुतेक वेळा ती नसते. आरशाने सूर्यप्रकाश शिळेच्या पृष्ठाला जवळजवळ समांतर असा तिरकस टाकला, म्हणजे उथळ अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. अमेरिकेतील जुन्या शिळांची छायाचित्रे घेणाऱ्या डॅनियल फार्बर याने ही युक्ती फार कुशलतेने वापरली. निरनिराळ्या दिशांनी प्रकाश टाकून घेतलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र करण्याची, २००१ मध्ये पुढे आलेली पद्धती हा याच तत्त्वाचा विकास होय. याउलट अक्षरांत खडू, पीठ किंवा दाढीचा फेस भरून ती उठावदार करण्याची सवय सर्वस्वी त्याज्य आहे. खडूचे कण घासतात, पीठ बुरशीला आमंत्रण देते, आणि फेसातील स्निग्धाम्ले छिद्रांत राहून जातात. शाईचे ठसे घेण्याची पद्धती शिलालेखशास्त्रात मान्य असली, तरी ओल्या कागदावर कुंचल्याने ठोकणे भुसभुशीत दगडाला सोसत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

क्षालन अपरिहार्यच असेल तर ते स्वच्छ पाण्याने सुरू करावे आणि शक्यतो पाण्यावरच थांबवावे. शिळेच्या अदृश्य कोपऱ्यात लहानशा भागावर आधी प्रयोग करून पाहावा. दगड पुरता भिजवून घ्यावा, म्हणजे मळ मऊ होतो आणि पुढे वापरलेले काहीही खोल शोषले जात नाही. मऊ केसांचा कुंचला, बांबूची बोथट काडी एवढीच हत्यारे असावीत. धातूचे काहीही नको. काम खालून वर करीत जावे, कारण वरून ओघळणारे मळके पाणी कोरड्या भागावर पट्टे पाडते. पाणी सतत व हलक्या धारेने सोडावे. दाबाने मारा करणारी यंत्रे वर्ज्य समजावीत. आम्ले, विरंजक द्रव्ये आणि घरगुती सफाईच्या पुडी यांचा उपयोग करू नये. लिंबू किंवा व्हिनेगर घरगुती असले तरी आम्लच होत. शेवाळ मारण्यासाठी द्रव्य वापरावयाचे झाल्यास ते जतनतज्ज्ञाच्या सल्ल्याने, क्लोरीनविरहित असेच निवडावे. साफ झालेल्या शिळेवर मेण, तेल वा वॉर्निश चढवू नये. आतली ओल कोंडली, म्हणजे ती पृष्ठालाच ढकलून बाहेर पडते. शेवटी, काय केले, कोणत्या दिवशी केले आणि कशाने केले याची नोंद मूळ नोंदीस जोडावी. पुढील अभ्यासकाच्या दृष्टीने ही नोंद लेखाच्या वाचनाइतकीच मोलाची आहे.

पॅटर्सनच्या छिन्नीपासून मातीच्या लेपापर्यंतचा हा प्रवास केवळ तंत्राच्या सुधारणेचा नाही. पॅटर्सनला मृतांचे नाव टिकवावयाचे होते. अमेरिकेतील सैनिकी दफनभूमींना शुभ्रता टिकवावयाची होती. आजचे जतनशास्त्र मूळ पृष्ठ टिकवू पाहते. उद्दिष्ट बदलले तसे माप बदलले. शिळा किती उजळली यावर क्षालनाचे यश मोजण्याचा काळ आता गेला आहे. क्षालनानंतर मूळ दगड किती शिल्लक राहिला, हे खरे माप होय. या मापाने पाहता अनेक शिळांच्या बाबतीत सर्वांत योग्य क्षालन म्हणजे क्षालन न करणे, असेच उत्तर येते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागदाविषयी हा विवेक शिकविला जातो : जीर्ण पत्राची घडी जबरदस्तीने उलगडू नये, पुसट अक्षरावर शाई फिरवू नये. दगड कठीण आहे, या समजुतीमुळे तोच विवेक शिळेपाशी विसरला जातो. ऐंशी वर्षांत ब्लॅकच्या थडग्यावरील संगमरवराची झालेली अवस्था पाहिली, म्हणजे दगडाच्या कठीणपणावर विसंबून चालत नाही हे उघड होते. थडग्यावरील शिळा हे एकाच प्रतीत असलेले साधन आहे, आणि त्या एकमेव प्रतीला ज्या रीतीने हाताळावयाचे त्याच रीतीने तिला हाताळले पाहिजे.